ढेकर आला की झालं

बापूंच्या मते देवाने माणसाला आधी पोट दिलं आणि मग ते हिंडवायला पाय दिले. डोकं कशाला दिलं याबद्दल त्यांचं अजून काही ठरलेलं नाही, बहुधा दुखायला. आणि तेही गॅसमुळेच. पाठीत चमक भरली, गॅस. पायाला मुंग्या आल्या, गॅस. जावई तिरका बोलला तरी गॅसच, फक्त तो जावयाचा. या एका रोगावर बापूंकडे एकच औषध आहे, सोडा. तो लिंबू मारलेला असेल, मसाल्याचा असेल, नाहीतर किराणा दुकानातल्या फ्रीजमधली काळी, गोड, फसफसणारी बाटली असेल. बापू त्यात भेदभाव करत नाहीत. "गॅस असला म्हंजे झालं," म्हणतात. गॅसवर उतारा गॅसचाच, हे त्यांचं काट्याने काटा काढण्याचं शास्त्र.

बापू आमच्या कोल्हापूरचे. तसा प्रत्येक गावात एक बापू असतोच. मुंबईत इराण्याकडच्या रासबेरीशिवाय त्याला खिमा पचत नाही, पुण्यात तो कॅम्पातल्या जुन्या सोड्याच्या आठवणी काढून हल्लीच्या सोड्याला नावं ठेवतो. पण कोल्हापूरचा बापू अव्वल, कारण त्याच्याकडे कारण अव्वल आहे. रविवारचं मटण. सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, परत तांबडा, आणि "वाटी रिकामी दिसायलीय" म्हणून पुन्हा पांढरा. एवढं झाल्यावर माणसाला जे होतं त्याला साध्या मराठीत जास्त खाल्लं असं म्हणतात. बापू ते मानत नाहीत. ते म्हणतात, "आज जरा गॅस धरलाय."

रात्री साडेनऊच्या सुमाराला ते गोटी सोड्याच्या गाडीवर येतात. गाडीवाला त्यांना बघूनच ग्लास विसळायला घेतो. ग्लासात काळं मीठ, जिऱ्याची पूड, अर्ध्या लिंबाचा रस. मग बर्फातली हिरवट काचेची बाटली काढायची, लाकडी टोपण तोंडावर ठेवायचं आणि तळहाताने एक दणका. गोटी टुक्कन खाली पडते, बाटली किंचाळते आणि बापूंचा चेहरा निम्मा बरा होतो. बाटली तिरकी धरली की गोटी गळ्याजवळच्या खळग्यात अडकून बसते, सोडा तिच्या बाजूने ग्लासात उतरतो आणि मिठाला लागताच उसळून वर येतो. फेस काठावर टेकला की बापू वाकतात, एक थेंब वाया जाऊ देत नाहीत. "बघ मर्दा, औषध कसं उसळायलंय!" उसळतं ते मिठाच्या कणांमुळे. पाण्यात दाबून बसवलेल्या वायूला बुडबुडा धरायला खरखरीत जागा हवी असते, ती मीठ देतं. चिमूटभर वाळू टाकली तरी काही कमी उसळणार नाही. पण हे बापूंना सांगितलं तर ते उद्या वाळूची चौकशी करतील.

पहिला ढेकर छोटा असतो, अंदाज घेणारा. दुसरा सविस्तर. तिसऱ्याला पलीकडच्या पानपट्टीवरचे लोक वळून बघतात. बापू पोटावरून हात फिरवतात आणि निकाल देतात, "आता कसं मोकळं वाटायलंय."

बापूंचं सगळं आयुष्य या एका गैरसमजावर उभं आहे. तीनशे मिलीच्या फसफसणाऱ्या बाटलीत साधारण लिटरभर कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. थंडगार होता तोवर तो पाण्यात मुकाट बसला होता. पोटातल्या उबेत गेल्यावर तो बसत नाही. जठर वरच्या बाजूला फुगतं, अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडते आणि ढेकर बाहेर येतो. म्हणजे बापूंनी जो गॅस पैसे देऊन आत घातला तोच त्यांना आवाजासकट परत मिळाला. मूळचा, ज्याची तक्रार होती तो, मोठ्या आतड्यात डाळी-कांद्यावर जिवाणूंनी तयार केलेला. त्याला या सगळ्या समारंभाचं आमंत्रणच नसतं. तो तिथेच असतो आणि यथावकाश दुसऱ्या मार्गाने आपलं बघतो. वर झडप सैल पडली की वायूच्या मागोमाग आम्लही वर चढतं. त्यामुळे झोपताना बापूंच्या छातीत जळजळतं. मग बापू उठतात आणि फ्रीजमधला सोडा काढतात. आजाराने औषध मागायचं आणि औषधाने आजार पुरवायचा, असा हा बिनतक्रार चाललेला सहकार आहे.

इतिहासातही बापूंचा हात धरणारा कोणी नाही. गोटीची बाटली शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात निघाली असं ते छातीठोकपणे सांगतात. त्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली घेतलं, तेव्हा महाराजांचा जन्मही झालेला नव्हता; तो १८७४ चा. हे मी एकदा सांगून पाहिलं. "मग त्यानं ऐकलं असणार कुणाकडनं तरी," असं उत्तर आलं. पण एका बाबतीत बापूंना मोठ्या माणसांची सोबत आहे. १७६७ साली इंग्लंडातल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली दारूच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर पाणी टांगून त्याने ते फसफसतं केलं आणि पुढे खलाशांच्या स्कर्व्हीवर ते गुणकारी ठरेल अशी आशा धरली. स्कर्व्ही त्याने बरा झाला नाही, व्हायचाही नव्हता. त्याला क जीवनसत्त्व लागतं. अमेरिकेतला कोलाही १८८६ साली अटलांटात एका औषधवाल्यानेच तयार केला. तेव्हा सोड्याला औषध समजणारे बापू पहिले नाहीत. फक्त बाकीचे नंतर सुधारले.

आता त्या काळ्या बाटलीबद्दल. नुसत्या सोड्यावर मी बापूंशी कधी भांडत नाही, कारण नुसत्या सोड्यात भांडण्याजोगं थोडंच असतं. पाणी आणि वायू. त्याने हाडं झिजतात ही ऐकीव गोष्ट. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या २००६ सालच्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी दिसली, पण इतर फसफसणाऱ्या पेयांचा तसा संबंध दिसला नाही. गाडीवरच्या ग्लासात खटकतं ते मीठ. बापूंना ब्लडप्रेशरची गोळी आहे. "काळं मीठ हाय, पांढरं न्हवं," म्हणतात, जणू रक्तदाब रंग बघून चढतो.

काळ्या बाटलीची गोष्ट निराळी. तिच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. पाऊण लिटरची बाटली म्हणजे ऐंशी ग्रॅमच्या आसपास. बापूंच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, एकदा चष्मा लावून ते वाचलं, चहाच्या चमच्याने साखर मोजत वीस चमचे वाटीत घातले आणि वाटी बापूंपुढे ठेवली. "खावा की आता." बापू वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, आपल्या शेअरवर मिळालेली साखर अशी खेळायला काढतात का?"

कारण बापू ऊसवाले आहेत. साखर कारखान्याचे सभासद. कोल्हापूर जिल्ह्यात साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे देवळात बसून पुजाऱ्याच्या पोटावर बोलण्यासारखं आहे. बापूंचा युक्तिवाद सरळ असतो, "लोकांनी साखर खायची सोडली तर उसाच्या दराची एफआरपी काय तुझा डॉक्टर देणार?" जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवलं आहे, वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाचच्या आत असेल तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला पंचवीसेक ग्रॅम, सहा चमचे. बापूंची ती मर्यादा पाव लिटर संपायच्या आत संपते. हिशोब ऐकून ते म्हणाले, "ती संघटना ऊस लावती काय?"

वाटीतले वीस चमचे कुणालाच खाववत नाहीत आणि बाटलीतले जातात, यातली मेख थंडीत आणि आंबटपणात आहे. दोन्हींनी जिभेला गोडी कमी लागते. तीच बाटली उन्हात ठेवून गरम करा, गॅस जाऊ द्या, मग प्या. घोटभर घेतला तरी घशात चिकटतो. बापूंच्या घरी अशी उरलेली बाटली नातवाला देतात. "दे गं त्याला, गॅस गेलाय, आता नुसतं पाणी हाय." बिचारा गॅस! त्या बाटलीत निरुपद्रवी असा तोच एक होता. तो गेला आणि साखर तशीच राहिली.

शिवाय ही साखर पोटाच्या हिशोबात धरली जात नाही. चार घास जास्त खाल्ले तर पुढच्या वेळी भूक थोडी कमी लागते. साखर प्यायली तर पोट तिची फारशी दखल घेत नाही. बापू हे स्वतः सांगतात, फक्त कौतुक म्हणून, "सोडा मारला की अजून दोन भाकऱ्या जात्यात बघ." त्या गेलेल्या भाकऱ्या शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये दिसतात.

कराचा कप्पा बदलला तेव्हाही बापू डगमगले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि ही पेयं थेट चाळीस टक्क्यांच्या कप्प्यात गेली. काकींना वाटलं, आता तरी सुटेल. बापू म्हणाले, "सरकार चाळीस टक्के घेतंय म्हंजे वस्तू चांगलीच असणार. वाईट वस्तूला एवढा टॅक्स भरंल कोण?" त्याच कप्प्यात पानमसाला आहे हे मी त्यांच्या कानावर घातलं नाही. ते पानमसालाही सुरू करतील.

बापू विज्ञानाच्या विरुद्ध नाहीत हेही सांगायला हवं. उलट प्रयोग करतात. ट्रॅक्टरचा गंजलेला बोल्ट त्यांनी रात्रभर कोल्यात बुडवून ठेवला आणि सकाळी लख्ख झालेला बोल्ट घेऊन गल्लीभर फिरले. "बघा, गंज कसा काढलाय!" आणि बोल्ट दाखवून झाल्यावर बाटलीतला राहिलेला कोला पिऊन टाकला. कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंज काढतं, यात काही खोटं नाही. पोटाला त्याचं नवल नाही, जठरातलं स्वतःचं आम्ल त्याहून जहाल असतं. दाताला मात्र नवल आहे. दातावरचं कवच साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरायला लागतं आणि कोल्याचा पीएच अडीचच्या आसपास असतो. एका रात्रीत दात विरघळून पेला रिकामा होतो ही आवई आहे. ती ऐकून बापू हसतात आणि बरोबर हसतात. पण बापू पितात कसं? दुपारी टीव्हीसमोर, तासभर, घोट घोट. तासभर दाताला अंघोळ. त्यावर त्यांना कोणीतरी स्वच्छतेचा सल्ला दिलेला, म्हणून बाटली संपली की लगेच ब्रश. आम्लाने मऊ पडलेलं कवच ताबडतोब घासून काढायला यापेक्षा चांगली वेळ सापडणार नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने." बापूंनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टरीण ब्रश करू नको म्हणती."

यातला बापूंचा सर्वोत्तम पराक्रम मात्र रक्त तपासणीचा. आदल्या दिवशी त्यांनी कडक पथ्य पाळलं. सोडा नाही, कोला नाही, चहात साखर नाही, संध्याकाळी रंकाळा तलावाला दोन फेऱ्या. सकाळी उपाशीपोटी गेले आणि उपाशीपोटीची साखर आली अठ्ठ्याण्णव. बापूंनी तो कागद काकींच्या तोंडासमोर धरला. पण डॉक्टर गल्लीतलेच, लहानपणापासून बापूंना ओळखणारे. त्यांनी त्याच रक्तावर एचबीए१सी पण लिहून ठेवली होती. ती आली सहा पूर्णांक दोन.

डॉक्टर म्हणाले, "बापू, ही तपासणी एका दिवसाच्या पथ्याला फसत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात. तेवढ्या काळात साखर किती फिरली ते त्यांना चिकटून राहतं. पाच पूर्णांक सातच्या खाली पाहिजे. साडेसहाला मधुमेह म्हणतात. तुम्ही उंबऱ्यावर आहात."

"सहा पॉइंट दोन म्हंजे कशातलं?"

"शंभरातलं. टक्के असतात ते."

बापूंनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे चौऱ्याण्णव टक्के बराच हाय की मी!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अमेरिकेतल्या नव्वद हजारांवर नर्सांच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. २००४ साली तो छापला गेला. रोज एक किंवा अधिक साखरेची पेयं घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका, महिन्याला एकही न घेणाऱ्यांपेक्षा ऐंशी टक्क्यांहून जास्त दिसला. वाढलेलं वजन हे त्याचं एक कारण, पण तेवढंच नाही. बापूंनी शांतपणे ऐकलं. "त्या बाया हैत. त्यात नर्सा. रात्रपाळी करून दमत असतील. मी शेतकरी हाय." मग डॉक्टरांनी आपल्या देशाचा आकडा काढला. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात मधुमेहाचे दहा कोटींवर लोक आणि उंबऱ्यावरचे साडेतेरा कोटींच्या पुढे. बापूंचा चेहरा उजळला. "म्हंजे मी एकटा न्हाई."

त्यानंतर भाच्याने त्यांना 'झीरो'ची बाटली आणून दिली. साखर शून्य. बापूंनी ती प्यायली आणि वाचलेल्या साखरेच्या बदल्यात जिलेबी खाल्ली. या कृत्रिम गोडीच्या भरवशावर वजन उतरवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बापू असावेत. आम्ल झीरोतही असतंच, त्यामुळे दातांचं पथ्य काही सुटत नाही.

एकदाच, फक्त एकदाच, बापूंनी काळी बाटली सोडली होती. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. देशभर बाटल्या फुटल्या. संसदेने चौकशीला संयुक्त समिती नेमली, अध्यक्ष शरद पवार. "साहेब बघायलेत म्हंजे आता काळजी न्हाई," म्हणून बापूंनी समितीचं काम संपायची वाट न बघता दिवाळीला पुन्हा सुरू केली. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने, अंश होते, असाच निर्वाळा दिला. तोवर बापूंची स्वतःची उपपत्ती तयार होती, "असूदे की. पोटातलं जंत तरी मरतील."

अशा माणसावर रागवावं कसं? त्यांच्या आडमुठेपणात हिशोब नसतो, वाईट हेतू तर नसतोच. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला काहीतरी गार, गोड, फसफसणारं हवं असतं, आणि ते 'औषध' म्हणून मिळालं तर दोष लागत नाही. चैन करायची लाज वाटणाऱ्या पिढीची ही चैन आहे. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित एवढं तत्त्वज्ञानही रचू शकलो नसतो.

पण गेल्या लग्नसराईत जे झालं ते लिहायलाच हवं. पुतण्याच्या लग्नात पंगत आटोपली आणि बापूंच्या छातीत भरून आलं. घाम फुटला. बापूंनी सोडा मागवला. एक झाला, दुसरा झाला, ढेकर काही येईना. भोवती चार माणसं जमलेली; प्रत्येकाकडे गॅसवरचं आपापलं औषध. कुणी ओवा म्हणालं, कुणी पाठ चोळली, कुणी तिसरा सोडा फोडला. वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर तेवढा शहाणा. त्याने कुणाला न विचारता बापूंना पुढच्या सीटवर कोंबलं आणि बँडवाल्यांच्या मधून गाडी काढून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, काही तासांनी परत काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. आम्ल वर चढल्याचाच त्रास होता, आणि डॉक्टर म्हणाले, त्याला रोजचा सोडा हातभार लावतोय.

बापूंनी यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. "बघितलंस? मी म्हटलं हुतं न्हवं, गॅस हाय!" आता गल्लीत कुणाच्या छातीत दुखलं तर बापू स्वतः निदान करतात आणि पदरच्या पैशाने सोडा पाजतात. त्यांचा अंदाज त्या दिवशी बरोबर निघाला, हे फार वाईट झालं.

बापू हे वाचणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. छातीवर दडपण आलं, घाम सुटला, दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकलं, दम लागला, तर सोड्याच्या गाडीकडे जाऊ नका आणि ढेकराची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. गॅस आहे की नाही ते ईसीजीला ठरवू द्या.